घाट चढताना गाडी मिसिंग मारायलीय: प्लग, कॉइल की पंप?

बालाघाट | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ची, १२०० सीसी पेट्रोल, चार सिलिंडर, सीएनजी कंपनीतूनच बसवून आलेला. १ लाख १० हजारांच्या पुढं पळालीय.

उभ्या गाडीत इंजिन एकदम शांत. गावात फिरवली तरी काही जाणवत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या गियरला ४०-५०च्या वेगात पाय दाबला की झटके मारायलीय, म्हणजे मिसिंग, मधेच एखादा सिलिंडर पेटत नसल्यासारखं. पाय सैल केला की लगेच नीट. सीएनजीवर जास्त, पेट्रोलवर कमी.

गेल्या आठवड्यात बीडहून अंबाजोगाईला येत होतो. गाडीत पाच माणसं, एसी चालू. पालीच्या पुढं मांजरसुंब्याचा चढ लागला आणि झटके इतके वाढले की मागं बसलेली आई म्हणाली, "गाडी बंद पडायलीय का रे?" त्याच वेळी इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. वर आल्यावर लुकलुक थांबली, दिवा पेटलेलाच राहिला.

एका गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून घेतली, फरक शून्य. आता एक जण म्हणतोय पेट्रोल पंप बदला, दुसरा म्हणतोय चारही इंजेक्टर (इंधन फवारणारे) बदला. दोन्ही खर्च हजारोंतले आणि खात्री कुणीच देत नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

नांदेडी | रविवार, रात्री ९.३५

भाऊ, पेट्रोलमध्ये पाणी असंल. आता २० टक्के इथेनॉल आलंय, पावसाळ्यात टाकीत ओल शिरली की इथेनॉल पाणी धरून खाली बसतंय. आधी टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावर भरा. त्यानं गेलं नाही तर पंप बदलून टाका, १ लाखाच्या पुढं पंप थकतोच.

परभणीकर | रविवार, रात्री १०.०५

पेट्रोलचं पाणी असतं तर सीएनजीवर कामून जास्त मारली असती? सीएनजीला पेट्रोल लागतच नाही. मी कितीतरी वर्षं सीएनजीवर भाड्याची गाडी चालवायलोय. माझा पैसा प्लगवर.

पाना-पक्कड | रविवार, रात्री ११.२०

जालन्यात माझं गॅरेज आहे, रोज हेच काम. बालाघाट भाऊ, काहीही विकत घेऊ नका. आधी एकच प्रश्न सोडवा: दुखणं एका सिलिंडरचं आहे की चौघांचं? पेट्रोल, पंप, फिल्टर, हवेचा सेन्सर, सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर या चौघांच्या सामाईक गोष्टी. त्यातली एखादी बिघडली तर चारही सिलिंडर कमीजास्त रडतात. प्लग, कॉइल (प्लगला उच्च दाबाची वीज देणारी), इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह ज्याचे त्याचे. एकच सिलिंडर मारत असेल तर पंप बदलून काय उपयोग? तोच पंप बाकी तिघांना व्यवस्थित पाजतोय ना.

यासाठी स्कॅनर लावा. २०१३पासूनच्या गाड्यांना ओबीडी २ (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायची सोय) आहे, स्टिअरिंगच्या खाली सॉकेट मिळेल. पी०३०० आला तर मिसिंग इकडे-तिकडे फिरतंय. पी०३०१ ते पी०३०४ यातला आला तर शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. आडव्या इंजिनात बहुतेक गाड्यांना टायमिंग चेनच्या बाजूचा सिलिंडर पहिला.

आता फक्त पाय दाबल्यावरच का मारते ते सांगतो. थ्रॉटल बंद असतो तेव्हा सिलिंडरमध्ये हवा थोडी जाते, दाब कमी असतो, ठिणगी सहज उडते. आठ-दहा हजार व्होल्टवर भागतं. पाय दाबला की हवा भरभरून आत येते, दाब वाढतो आणि प्लगच्या त्याच फटीतून ठिणगी पाडायला दुप्पट-तिप्पट व्होल्ट लागतात. त्या वेळी विजेला दुसरीकडून पळायला वाट सापडली, प्लगचं चिनी मातीचं अंग तडकलेलं असलं किंवा कॉइलचं रबर फाटलेलं असलं, की ती तिकडून पळते आणि त्या फेरीला सिलिंडर पेटतच नाही. सीएनजीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. म्हणून ठिणगी अशक्त झाली की पहिल्यांदा ओरडतो तो सीएनजी. तुमची गाडी गॅसवर जास्त आणि पेट्रोलवर कमी मारते, यावरूनच माझा कल ठिणगीकडे आहे. पण कल म्हणजे निदान नव्हे, ते तपासूनच.

आणि लुकलुकणाऱ्या दिव्याकडे दुर्लक्ष करू नका. पेटलेला दिवा म्हणजे दाखवून घ्या. लुकलुकता दिवा म्हणजे आत्ताच पाय सैल करा. न जळलेलं इंधन तसंच कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली जाळी तापून वितळते. तो भाग प्लगच्या सेटच्या कितीतरी पट महाग. तपासणी होईपर्यंत घाट आणि भरलेली गाडी नको.

वाळूजकर | सोमवार, सकाळी ८.१५

पाना-पक्कड यांनी मुद्द्यालाच हात घातला. थोडी भर टाकतो.

मिसिंग ओळखायला प्लगपाशी वेगळा सेन्सर नसतो. क्रँक सेन्सर क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याची, फिरण्याची गती मोजत असतो. सिलिंडर पेटला की क्रँकला ढकल मिळते, नाही पेटला की त्या तुकड्यात गती किंचित पडते. त्यावरून कॉम्प्युटर नंबर काढतो. म्हणजे कोड सिलिंडर सांगतो, पार्ट सांगत नाही. "पी०३०२ आला म्हणजे दोन नंबरचा इंजेक्टर गेला" असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, कशावरून. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांतून क्रँकला हिसके बसतात आणि फसवा कोडही येऊ शकतो, म्हणून चाचणी चांगल्या डांबरावर घ्या.

स्कॅनर लावाल तेव्हा कोड पाहून लगेच पुसू देऊ नका. आधी 'फ्रीझ फ्रेम' उघडायला सांगा. कोड नोंदला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होतं, लोड किती, पाणी किती तापलेलं, वेग किती, हे सगळं तिथं साठवलेलं असतं. फ्युएल ट्रिमचे आकडेही बघा. ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय किंवा कमी करतोय ते. शून्याच्या आसपास असेल तर इंधनाची बाजू बहुधा ठीक. अधिक १०च्या वर जात असेल तर इंधन कमी पडतंय किंवा कुठून तरी आगाऊ हवा शिरतेय. हवेची गळती उभ्या गाडीत जास्त दिसते आणि रेस वाढवली की आकडा खाली येतो. पंप-फिल्टरचं उलट असतं, लोड वाढेल तसा आकडा चढत जातो.

नांदेडी | सोमवार, सकाळी ९.००

मग इथेनॉलचं काय म्हणता? आमच्याकडं सगळे त्यालाच दोष द्यायलेत.

पाना-पक्कड | सोमवार, दुपारी २.१०

इथेनॉलला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, म्हणून कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरकडे बघून इंधन थोडं वाढवतो. ट्रिम अधिककडे सरकलेली दिसेल. जुन्या गाडीत रबरी नळ्या, सील यांची काळजी घ्यायची ते खरंच. टाकीत पाणी साचलं तर गाडी मारणार हेही खरं. पण ते चारही सिलिंडरना मारेल, आणि गॅसवर टाकल्यावर थांबेल. या गाडीचं उलटं आहे.

सीएनजीवाल्यांना तर ही चाचणी फुकटात मिळालीय. तोच रस्ता, तोच गियर, एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर. फक्त गॅसवर मारली तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर बघा, आणि ठिणगीसुद्धा. फक्त पेट्रोलवर मारली तर पंप, फिल्टर किंवा पडून पडून चिकटलेले पेट्रोलचे इंजेक्टर. दोन्हीवर मारली तर ठिणगी किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब).

मांजराकाठ | सोमवार, सायंकाळी ६.४५

मी लातूरहून. माझीही गाडी पेट्रोल-सीएनजीच, पण माझ्याकडं नेमकं उलटं होतंय, म्हणून मधेच लिहिते. गॅसवर छान पळते. गॅस संपून पेट्रोलवर आली की अहमदपूरच्या रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉली ओलांडताना इंजिन दम सोडतं, झटके देतं. काल स्कॅन केलं तर पी०३०० आणि पी०१७१. शाळेच्या वेळेत गॅसच्या रांगेत थांबणं होत नाही, पेट्रोलवर जावंच लागतं. ओव्हरटेकला गाडी दगा देते याची खरंच भीती वाटते.

पाना-पक्कड | सोमवार, रात्री १०.३०

ताई, पी०१७१ म्हणजे इंधन कमी, हवा जास्त. त्यात पी०३०० आणि गॅसवर त्रास नाही. तुमचं दुखणं पेट्रोलच्या वाटेवर आहे. पण पंप लगेच बदलू नका, प्रेशर गेज लावून घ्या. अशा इंजिनांत लाइनला साधारण ३ ते ४ बार दाब असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. उभ्या गाडीत दाब बरोबर दिसेल आणि गॅरेजवाला "पंप ओके" म्हणेल. तेवढ्यावर ऐकू नका. गाडी चालवत, पाय दाबून दाब बघायला सांगा. तिथं काटा खाली बसला तर फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय. पंपाच्या प्लगाला व्होल्टेज पूर्ण येतंय का हेही मोजायला सांगा, गंजलेल्या कनेक्टरपायी चांगले पंप बदलले जातात.

एक विचारतो, पेट्रोलचा काटा नेहमी रिझर्व्हलाच असतो का?

मांजराकाठ | सोमवार, रात्री १०.५०

हो. गॅस असल्यावर पेट्रोल कशाला भरायचं म्हणून शंभर-दोनशेचंच टाकतो.

पाना-पक्कड | सोमवार, रात्री ११.०५

मराठवाड्यातल्या निम्म्या सीएनजी गाड्या अशाच चालतात आणि पंप त्यापायीच मरतात. पंप टाकीत बुडालेला असतो, भोवतीचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२च्या वर. तळाशी राहिलेल्या गाळासकट घोटभर पेट्रोल ओढत पंप तापतो. पाव टाकी तरी कायम ठेवा, आणि गॅस भरलेला असला तरी अधूनमधून थोडं अंतर पेट्रोलवर पळवा, म्हणजे इंजेक्टर चिकटत नाहीत.

बालाघाट | मंगळवार, रात्री ८.२०

स्कॅन झालं. कोड एकच, पी०३०३. फ्रीझ फ्रेम: २६०० आरपीएम, लोड ८४ टक्के, वेग ४७, पाणी ९२ अंश. म्हणजे घाटातलाच क्षण. लाँग ट्रिम अधिक २. गॅसवर आणि पेट्रोलवर दोन्हीकडं मारते, गॅसवर जास्त. गॅरेजवाला अजून तीन नंबरच्या इंजेक्टरवर अडून बसलाय.

पाना-पक्कड | मंगळवार, रात्री ९.४०

भाऊ, तुमच्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर वेगळे, गॅसचे वेगळे. दोघांचे तीन नंबर एकाच वेळी बिघडतील कशाला? आणि ट्रिम अधिक २, म्हणजे इंधन पुरेपूर मिळतंय. इंजेक्टर सोडून द्या.

आता अदलाबदल करा. पैसा लागत नाही, १० नंबरचा पाना पुरतो. इंजिन थंड होऊ द्या, चावी काढा. दोन आणि तीन नंबरच्या कॉइलचे कनेक्टर लॉक दाबून सोडवा, वायर धरून ओढू नका. बोल्ट काढा, कॉइल थोडी फिरवून सरळ वर उचला. दोनची तीनवर, तीनची दोनवर बसवा. कोड पुसा. मग त्याच रस्त्याला, त्याच गियरला, तेवढाच लोड देऊन बघा. दिवा पेटायची वाट बघू नका, 'पेंडिंग' (अजून पक्के न झालेले) कोड आधी दिसतात. पी०३०२ आला तर कॉइल दोषी, कारण दुखणं तिच्याबरोबर गेलं. पी०३०३च राहिला तर कॉइल सुटली. मग तसेच प्लग बदलून बघायचे.

कॉइल वर काढून हवेत ठिणगी बघायचा जुना प्रकार करू नका. व्होल्टेज जीवघेणं असतं, कॉइलही जाते, आणि मोकळ्या हवेत उडालेली ठिणगी दाबाखाली उडेल याची काहीच हमी नसते.

वाळूजकर | मंगळवार, रात्री १०.००

कॉइल उचलल्यावर प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) टॉर्च मारून बघा. ऑइल किंवा पाणी दिसतंय का ते सांगा. गाडी गोठ्याजवळ किंवा कडब्याच्या गंजीपाशी उभी राहत असेल तर वायरिंगही बघा, उंदीर कनेक्टरच्या मागची वायर कुरतडतात.

बालाघाट | गुरुवार, दुपारी १.३०

कॉइल अदलाबदल करून केजच्या रस्त्याला नेली. आता गोंधळ वाढला. पी०३०३ तसाच आला आणि सोबत पेंडिंगमध्ये पी०३०२ पण! आधी दोन नंबर कधीच नव्हता. आता दोन्ही सिलिंडर बिघडले म्हणायचं का? वायरिंग शाबूत आहे. तीन नंबरच्या विहिरीत मात्र तळाशी ऑइल दिसलं, बोटाला लागेल एवढं.

परभणीकर | गुरुवार, दुपारी २.००

काम वाढलं म्हणायचं. दोन नंबरच्या प्लगला हात लागला असंल.

पाना-पक्कड | गुरुवार, रात्री ९.१५

काम वाढलेलं नाही, कोडं सुटलं. तीन नंबरवरची कॉइल दोनवर गेली आणि दोन नंबर मारायला लागला. म्हणजे त्या कॉइलमध्ये किंवा तिच्या रबरात दोष आहे. तीन नंबरला दोनची चांगली कॉइल मिळूनही तो मारतोच आहे. म्हणजे तीनच्या प्लगमध्येही दोष आहे. दोन दोष एकाच जागी आहेत आणि एकानं दुसऱ्याला खराब केलंय. विहिरीतलं ऑइल या गोष्टीत बसतं.

तीनचा प्लग काढा, पुसू नका. पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर टॉर्चचा उजेड तिरका पाडून गोल फिरवत बघा. वरच्या टोकापासून खालच्या लोखंडी अंगापर्यंत उभी, बारीक काळी रेघ दिसते का? मग त्या कॉइलच्या रबरात टॉर्च मारा, त्याच जागी आतून रेघ असेल. लोखंडी अंगाच्या लगेच वर गोल तपकिरी डाग असेल तर घाबरू नका. उच्च दाबाच्या विजेमुळं हवेतले तेलकट कण तिथं चिकटतात, ते चांगल्या प्लगवरही असतात. उभी रेघ वेगळी. ती विजेनं पाडलेली वाट असते.

बालाघाट | शुक्रवार, सायंकाळी ७.४०

उस्ताद, तंतोतंत! पेन्सिलनं ओढावी तशी उभी काळी रेघ, आणि तिच्या वरच्या टोकाला चिनी मातीत केसाएवढी चीर. नख फिरवलं तर लागते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. रबर आतून मऊ, फुगलेलं, आणि त्याच जागी करपलेली रेघ. बाकीचे तीन प्लग गव्हाळ रंगाचे, स्वच्छ. फोटो टाकलेत.

वाळूजकर | शुक्रवार, रात्री ८.३०

फोटो बघितले. चीर बहुधा प्लग बसवतानाच पडली. सॉकेट तिरका धरून जोर लावला की चिनी माती तडकते. त्यात वरच्या कव्हरचं सील गळून ऑइल उतरलं, रबर फुगलं, पकड सैल झाली. चिरेतून वीज लोखंडी अंगाकडं पळायला लागली, जाताना कार्बनची रेघ पाडत गेली, आणि तीच रेघ समोरच्या रबरावर उमटली.

पाना-पक्कड | शुक्रवार, रात्री ९.००

म्हणूनच नुसता प्लग बदलून भागणार नाही. जुन्या रबरातली रेघ नव्या प्लगवर परत वाट पाडेल. चारही प्लग नवे घ्या. त्या कॉइलचं रबर वेगळं मिळत असेल तर रबर, नसेल तर ती एक कॉइल. चारही कॉइल बदलायची गरज नाही. कव्हर गॅस्केट आणि प्लगच्या विहिरीचे सील बदलून विहीर पूर्ण कोरडी करा, नाहीतर नवं रबरही सडेल.

प्लग थंड इंजिनात आधी हातानं, सॉकेटला नुसतं एक्स्टेंशन लावून फिरवत न्या. आटे चुकले तर अॅल्युमिनियमचं हेड जाईल. टेकल्यावर वॉशरवाल्या नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो, टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलचा आकडा.

मांजराकाठ | शनिवार, दुपारी १२.१५

माझंही सांगते. चालत्या गाडीत गेज लावलं. उभ्या गाडीत ३.५ बार, पाय दाबल्यावर २च्या खाली. व्होल्टेज बरोबर होतं. टाकीतनं पंप काढला तर खालची जाळी काळ्या गाळानं लिंपून गेलेली. टाकी धुतली, पंप आणि फिल्टर बदलले. आज निलंग्याला जाऊन आले, दोन्ही इंधनांवर एकसारखी ओढतेय. पाना-पक्कड दादा, मनापासून आभार.

हिंगोलीचा_गडी | शनिवार, दुपारी ३.२०

गाडी नाही, माझी जुनी कार्बोरेटरची दुचाकी अशीच पूर्ण रेस दिली की मारायलीय. अर्ध्या रेसपर्यंत मस्त. प्लग नवा टाकलाय.

पाना-पक्कड | शनिवार, रात्री १०.१०

मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) आणि पेट्रोल कॉकची जाळी साफ करा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही बघा, ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. मारत असताना झाकण उघडून बघितलं की लगेच कळेल.

बालाघाट | सोमवार, रात्री ९.३०

काम पूर्ण. प्लग चारही, एक कॉइल, गॅस्केट आणि सील. आज मुद्दाम तीच पाच माणसं, एसी लावून, गॅसवर मांजरसुंबा चढवला. तिसऱ्या गियरला पाय पूर्ण दाबला, एकही झटका नाही. स्कॅनरवर चारही सिलिंडरचे मिसिंग शून्य. पंप आणि इंजेक्टरचे पैसे वाचले. पाना-पक्कड भाऊ, अंबाजोगाईला आलात तर घरी जेवायला यायचंच.

परभणीकर | सोमवार, रात्री १०.००

मस्त झालं बघा. एक राहिलंय, सीएनजीला प्लगची फट किती ठेवायची? इथं सगळे कमी करून देतात.

पाना-पक्कड | सोमवार, रात्री १०.४५

कंपनीतूनच सीएनजी आलेल्या गाडीला कंपनीनं दिलेल्या नंबरचाच प्लग आणि मॅन्युअलमधलीच फट, मनानं काही नाही. बाहेरून किट बसवलं असेल तर पेट्रोलच्या फटीपेक्षा थोडी कमी ठेवतात, ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास, कारण फट कमी तर व्होल्ट कमी लागतात. खूप कमी केली तर ठिणगी इवलीशी होते आणि उभ्या गाडीत इंजिन थरथरतं. तारेचं गेज वापरा. इरिडियम प्लगचं मधलं टोक अगदी नाजूक असतं, त्याला पक्कड लावू नका, वाकवायचीच असेल तर फक्त वरची पट्टी. गॅसवर सतत चालणाऱ्या गाडीचे साधे प्लग दर सर्व्हिसिंगला काढून बघा. आणि बघताना विहिरीत टॉर्च मारायला विसरू नका.